मानेचा आवाज

आप्पा, काल बेळगावच्या दवाखान्यात मला पालथं झोपवून मानेत तीन सुया घातल्या. तुमच्या मानेला उभ्या जन्मात गरम विटेच्या शेकापलीकडं काही मिळालं नाही, म्हणून सुया टोचताना तुमचीच आठवण येत होती. डॉक्टरीणबाई कानडी, वयानं माझ्या लेकीएवढ्या. मणक्यांच्या मागं बारीक सांधे असतात, ते झिजले की मान आखडते, असं त्यांनी पडद्यावर दाखवलं. मी म्हटलं, "म्हणजे बेअरिंग गेलंय." त्या हसल्या. "हां काका, पण हे बदलून मिळत नाही." दुखण्याची खबर नेणारी नस तेवढी तापवून गप्प करायची, काही महिन्यांनी ती परत उगवते, परत दुखू लागतं. आणि त्याआधी नस हीच का, हे बघायला कालच्या सुया. त्यातलं बधिर करणारं औषध काही तास टिकतं, तेवढ्या वेळात दुखणं दहापैकी किती, ते तासातासाला कागदावर लिहायचं.

सुया काढल्यावर बाईंनी विचारलं, "नोवु एष्टु?" किती दुखतंय? माझ्या तोंडून निघून गेलं, "स्वल्प री." थोडंसं. आप्पा, तो शब्द तुमचा. निपाणीच्या वखारीत तंबाखूनं ठासून भरलेला बोद डोक्यावरून उतरवताना तुमचे डोळे भरून यायचे, कानडी मुकादम विचारायचा, आणि तुम्ही म्हणायचा, "स्वल्प री." बाई मात्र मुकादम नव्हत्या. "स्वल्प चालणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडची माणसं मला बरं वाटावं म्हणून कमी सांगतात. खोटं लिहिलंत तर मी भलतीच नस जाळीन."

बाहेर गाडीपाशी तुमच्या सुनेनं मागून हाक मारली आणि मी वळलो. नुसती मान वळली. गेली पाच वर्षं मी पायापासून सगळा वळतोय, "मारुतीची मूर्ती फिरवल्यागत" असं ती म्हणते. काल ती तोंडाला पदर लावून उभी राहिली. आणि मला निपाणीचा स्टँड आठवला.

तुम्ही मला वखारीत चिकटवायला शेठजींशी बोलून आला होता आणि मी लेथ शिकायला बेळगावला जातो म्हणून हटून बसलो होतो. चार दिवस आपण बोललो नाही. तरी माझी ट्रंक तुम्हीच डोक्यावरून आणलीत, टपावर चढवलीत आणि पाठ फिरवून चालू लागलात. मी खिडकीतून ओरडलो, "आप्पा, येतो!" तुम्ही वळून बघितलं नाही. शेजारी बसलेला उचगावचा म्हातारा म्हणाला, "लई ताठ मानेचा गडी हाय रं तुझा बा." तेव्हापासून मी हेच सांगत आलोय. लग्नात, वर्कशॉपच्या वास्तुशांतीला, तुमच्या बाराव्यालासुद्धा: बापानं वळून बघितलं नाही, म्हणून मी इथवर आलो. लोक माना डोलावतात. त्या रागावर मी पहिली मशीन घेतली, दुसरी घेतली. राग नसता तर दुसऱ्याच महिन्यात रडत घरी आलो असतो.

आता बाईंच्या कागदावर मी खरे आकडे लिहिलेत. दोन, एक, एक, तीन, संध्याकाळी पुन्हा सात. हे सगळं त्याच कागदाच्या मागं लिहीत गेलो, त्यामुळं हा काही कुणाला देता यायचा नाही. आकडे दुसऱ्या कागदावर उतरून बाईंना देईन आणि हा वर्कशॉपच्या कपाटात राहील.

एक राहिलं. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. वर्कशॉपात मशीनींचा पट्टा चालू असताना कुठल्या मशीनचं बेअरिंग बोलतंय ते मी दारातून सांगतो. त्या दिवशी गाडी अजून सुरू झाली नव्हती आणि तुम्ही खिडकीपासून दोन पावलांवर होता. मी हाक मारली तेव्हा तुम्ही थांबलात, तुमच्या मानेत कट् असं वाजलं, आणि तुम्ही हळूच "आई गं" म्हणालात. मग पुढं गेलात.

मी ते ऐकलं होतं, आप्पा.