टोपली आणि इतर मिळकत

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त प्रोग्रॅमर, माझ्यामागे कोणी कशासाठी खोळंबू नये म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे आणि उजवा डोळा ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके माझ्याकडे कोणी येतही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. याची अंमलबजावणी वकीलबाई करतील. कलम पाच मृत्युपत्रात बसत नाही, असे त्यांचे मत आहे. ते तरीही ठेवले आहे.

२. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर माझ्या कमाईचे आहे. त्याचा अर्धा हिस्सा माझ्या धाकट्या भावाला आणि अर्धा तो जिथे शिकवत असे त्या मूकबधिर मुलांच्या शाळेला द्यावा. दोघांपैकी एकाने घेतला नाही तर सगळे दुसऱ्याचे. विकताना लिफ्ट येणार आहे असे कोणाला सांगू नये. अठरा वर्षे ती पुढच्या महिन्यात येत आहे.

३. बँकेतली शिल्लक माझ्या शेवटच्या आजारपणावर खर्च करावी. उरली तर शाळेला द्यावी. कपडे कोणालाही द्यावेत. राखाडी स्वेटर देऊ नये, तो अंगात घालण्यासारखा राहिलेला नाही.

४. टोपली. हिच्याबद्दल थोडे लिहावे लागेल, कारण ती काय आहे हे वकीलबाईंनाही दोनदा सांगावे लागले.

मी ज्या कंपनीत होते ती स्वतःचे कॉम्प्युटर बनवत असे, आणि त्यावरची ऑपरेटिंग सिस्टीमही स्वतःचीच. सुरू होताना मशीन चिवचिवत असे, म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणायचो. कंपनी बुडाली, चिमणी राहिली. आज ती चारशेएक लोक वापरतात, आणि त्यातले बहुतेक हट्टी आहेत.

चिमणीवर पुसलेली फाईल कायमची जात असे. साहेबांचे म्हणणे होते की ज्याला पुसायचे नाही त्याने पुसू नये. मी टोपली लिहिली. पुसलेली फाईल तिच्यात ठेवायची, सोबत एक चिठ्ठी ठेवायची की ही कुठून आली, कधी आली. परत मागितली की चिठ्ठी वाचून जागच्या जागी नेऊन ठेवायची. कार्यक्रम एवढाच. त्यात माझी तीस वर्षे गेली. एवढ्याशा गोष्टीला तीस वर्षे कशाला, असे लोक विचारतात. मीही विचारते.

शेजारच्या टेबलावर एक सहकारी होता. त्याला आम्ही घाईराव म्हणत असू. टोपली तीस दिवसांनी आपोआप रिकामी व्हावी, असा त्याचा आग्रह होता. मी नाही म्हटले. त्याने स्वतःची वेगळी टोपली काढली आणि माझ्या टोपलीला चारचौघांत अडगळीची खोली म्हणाला. माझ्या मृत्यूची बातमी त्याला कळवू नये. तीस दिवसांनी कळवली तर हरकत नाही.

टोपलीचा सगळा सोर्स कोड, चिमणीची तीन चालू मशीन्स आणि स्क्रूड्रायव्हरचा डबा दंतवैद्यांना द्यावा. त्यांची माझी भेट झालेली नाही. ते आपल्या दवाखान्यात चिमणी वापरतात आणि चौदा वर्षे मला तक्रारी पाठवत आहेत. “मॅडम, तुमची टोपली पुन्हा अडली आहे. माझा हात पेशंटच्या तोंडात आहे असं समजून उत्तर द्या,” असे त्यांचे एक पत्र आहे. त्यांनी दाखवलेल्या सात चुकांपैकी सातही खऱ्या निघाल्या. असा माणूस वारस म्हणून चांगला.

अट एकच. फाईल एका डिस्कवरून दुसरीवर नेताना आधी नक्कल पुरी उतरली का ते मोजावे, मगच मूळ पुसावे. ती तपासणी कोणी वेग वाढवण्यासाठी काढली, तर त्याने टोपली हे नाव वापरू नये.

५. ही तपासणी पहिल्या आवृत्त्यांत नव्हती.

माझा भाऊ मूकबधिर मुलांना शिकवत असे. मुले शाळेत यायच्या आधी घरात स्वतःच्या खुणा तयार करतात. एकेका घरापुरत्या. मूल मोठे झाले की त्या जातात. त्याने अकरा वर्षे त्या टिपून ठेवल्या: कोणते बोट, कुठे, कशासाठी. दोन हजार तीनशे खुणा, कार्डांवर. त्याच्या मशीनवर त्या चढवून झाल्यावर मी त्याला सांगितले, कार्डे रद्दीत घाल, घर मोकळे होईल, माझी टोपली आहे ना. त्याने घातली.

एकोणीस वर्षांपूर्वी त्याने जुनी नक्कल म्हणून चुकून खरा फोल्डर टोपलीत टाकला. चूक कोणाचीही होते. त्याचसाठी टोपली होती. त्याने फोल्डर परत मागितला. सगळी नावे आली, आत काही नव्हते. फोल्डर बाहेरच्या डिस्कवर होता, टोपली आतल्या डिस्कवर, आणि आतली डिस्क भरलेली होती. माझ्या प्रोग्रॅमने नावे लिहिली, मजकुराला जागा मिळाली नाही, प्रोग्रॅमने ते पाहिले नाही आणि मूळ पुसून टाकले. मी नेहमी माझ्या मशीनवर तपासत असे. माझ्या डिस्कवर नेहमी जागा असे.

हे मला तासाभरात कळले होते. मी त्याला म्हटले, “तू टोपली रिकामी केली असशील.”

तो म्हणाला, “केली असेन.”

पुढच्या आवृत्तीत मी तपासणी घातली. सुधारणांच्या यादीत लिहिले: किरकोळ दुरुस्त्या.

त्याची डिस्क मी बघते म्हणून नेली आणि ती मेली असे कळवले. मेली नव्हती. तिच्यातून तुकडे जोडून मी गेल्या काही वर्षांत चारशे बारा खुणा बाहेर काढल्या. त्या छापून कपाटात वरच्या खणात ठेवल्या आहेत. आधी दिल्या नाहीत, कारण दिल्या तर त्याने डिस्क मागितली असती, आणि फायली कशा पुसल्या गेल्या हे त्या डिस्कवर दिसते. टोपली रिकामी करण्याचा आदेश त्यावर कुठेच नाही. त्या खुणा भावाच्या आहेत, त्यालाच द्याव्यात. भावाने वर्षभरात शाळा सोडली. आपण निष्काळजी आहोत, मुलांची जबाबदारी आपल्याकडे नको, असे त्याने लिहून दिले होते. ते खोटे आहे. निष्काळजीपणा माझा होता.

६. (हाताने लिहिलेली पुरवणी.) मसुदा वाचून वकीलबाईंनी मला एवढेच विचारले, “मॅडम, तुमच्यामागे हे वाचल्यावर तुमचे भाऊ भांडणार कोणाशी?”

मी भावाला फोन केला. आज सकाळी तो आला. चष्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांजवळ धरून त्याने सगळे वाचले. वाचताना त्याची बोटे हलतात, सवय आहे. पाचव्या कलमाशी ती थांबली.

तो म्हणाला, “ताई, एकोणीस वर्षं मी कुलूप लावून पुन्हा जिना चढतो. गॅस बघायला.”

मी जे म्हटले ते लिहून ठेवण्यासारखे नाही. त्याने किती उरल्या ते विचारले. मी कपाटातून गठ्ठा काढून दिला. त्याने तिथेच दहा-बारा पाने पाहिली. एका पानावर हनुवटीला दोनदा बोट लावून पाहिले. मग म्हणाला की घर शाळेला दे, हे मी आजच नेतो.

वकीलबाईंनी साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईंना बोलावले होते. भाऊ म्हणाला, त्यांना परत पाठवा, मी सही करतो. वकीलबाईंनी समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, त्यांचा हिस्सा जाईल. शिवाय साक्ष फक्त सहीची असते, मजकुराशी साक्षीदाराचा संबंध नसतो.

“माझी मजकुराची आहे,” तो म्हणाला. “दुसरं कोण होतं तिथं?”

त्याचा हिस्सा शाळेकडे गेला असे समजावे. गठ्ठा त्याला आज दिला, म्हणून तो मिळकतीत धरू नये.

स्थळ: माझे घर, जेवणाचे टेबल.
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार १: लिहून ठेवणारीच्या गुडघ्यांसाठी येणारे फिजिओथेरपिस्ट. सही समोर झाली. मजकूर वाचलेला नाही. (सही)

साक्षीदार २: लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ, मूकबधिर मुलांचा शिक्षक. सही समोर झाली. मजकूर वाचला. बरोबर आहे. (सही)