विमानाच्या शेपटातून बाहेर आल्यावर

कोरेगाव,
कार्तिक संपता संपता, १९४६

प्रिय महेजबीन हिला,

विजयमालाचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून धरतो का? विश्रामबागेतल्या नव्या घरात सकाळचं ऊन येतं ना? सासूबाईंना माझा सलाम सांग. आमच्याकडे सगळे खुशाल, एवढंच की परवा मला विमान उघडून बाहेर काढावं लागलं. घाबरू नकोस, विमान जमिनीवरच होतं. आमच्या गोठ्यात.

मागे कळवलंच होतं की हे लढाईहून आले ते गप्प होऊनच आले. तिकडे विमानं दुरुस्त करायच्या कारखान्यात सुभेदार, दिवसभर ठोकाठोकी. इकडे ओसरीवर बसून नुसते रस्त्याकडे बघायचे. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नसत. (चहा न मागणारा नवरा बघून, महेजबीन, काळजाचं पाणी होतं.) मग एका लिलावातून ह्यांनी पेट्या आणल्या. आत एक लहानसं विमान, सगळं सुटं, आणि ते घरी जोडायचा नकाशा. त्या दिवसापासून हे बोलायला लागले. ओरडायलाही लागले. मी देवापुढे साखर ठेवली, आणि मग ध्यानात आलं की विमान पुरं झालं तर हे त्यात बसून उडणार. अपुरं राहिलं तर पुन्हा ती ओसरी. आता देवाकडे काय मागावं, तूच सांग.

सांगाडा लवकर उभा राहिला. अडलं ते पत्र्यांपाशी. पत्रे ॲल्युमिनियमचे, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात ज्याला जर्मन म्हणतात त्याचे (ह्यांना तो शब्द खपत नाही, कालपरवापर्यंत त्यांच्याशीच लढत होतो म्हणतात). मदतीला ट्रंका करणारा शमशेर. हात सोन्याचा, पण सवय ट्रंकांची. पहिल्याच पत्र्याची कड त्याने सुबक दुमडली आणि वर कुलपासाठी कोयंडा बसवला. तो ह्यांनी काढला तेव्हा बिचारा रुसला. त्यात दिवाळी आली. आमच्या राहीबाईने (भांडी घासते ती) घरातलं तांबं-पितळ उजळलं आणि उरल्यासुरल्या चिंचेने, राखेने गोठ्यातले पत्रेही लखलखीत केले. ह्यांनी प्रत्येक पत्र्यावर शिसपेन्सिलीने डावा, उजवा, वरचा, खालचा असं लिहून ठेवलं होतं. ते सगळं मोरीत वाहून गेलं. ‘कुणी तरी लय काळं करून ठिवलं हुतं,’ राहीबाई म्हणाली, ‘आन् येवढ्या जर्मनची किती पातेली झाली असती, बाईसाब!’ मग काय, डाव्या कुशीचा पत्रा उजवीकडे, उजवीचा डावीकडे. जागा सापडली तरी शमशेरची ओरड चालूच, ‘आवं सुभेदार, भोक भोकाला लागंना झालंय!’

एका दुपारी ह्यांनी पुन्हा चहा मागितला नाही. तेव्हा पदर खोचून मी गोठ्यात गेले. आपल्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी फ्रॉकला गळपट्टी लावायला शिकवली होती, आठवतं? एका टोकापासून शिवत गेलं की दुसऱ्या टोकाला कापड उरतं. म्हणून टाचणी आधी मध्यावर, मग टोकांना. (किती रडलो होतो आपण त्या गळपट्टीपायी, आणि किती छान दिवस होते ते.) हे टोकापासून ठोकत जात होते. मी आधी मध्यावर बोल्ट घालायला लावला. पत्रा शहाण्या मुलासारखा बसला.

इथवर ठीक होतं. पण विमानाचं शेपूट निमुळतं. बाहेरून रिबिट (पत्रे सांधायची खिळी) ठोकताना आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरायला बारीक माणूस लागतं, आणि हे नि शमशेर दोघेही अंगाने भरलेले. म्हणून वरच्या उघड्या बाजूने मीच आत उतरले, नऊवारीसकट. शेवटचा पत्रा माझ्या डोक्यावर आला. भोकाला भोक लागलं. हे ठोकत गेले, मी धरत गेले, आणि मी आत आले ती वाट हीच, हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. पुढे बसायच्या जागेकडे जायला एक पत्र्याची चौकट होती. तीतून माझं डोकं जात होतं, बाकीची मी जात नव्हते.

मी हाक मारणार, एवढ्यात ह्यांनी बाहेर शीळ घातली. किती वर्षांनी! म्हटलं, वाजू दे. गुडघे पोटाशी घेऊन ऐकत बसले. शेवटी राहीबाईचा आवाज आला, ‘बाईसाब कुटं दिसंनात त्या?’ ‘आत हायत की,’ शमशेर म्हणाला, आणि शीळ थांबली. मग ह्यांनी चौकटीपाशी तोंड आणलं. ‘आगं, पुढनं निघतंय का बघ की जरा. लय झ्याक बसलाय गं पत्रा.’

नाही निघाले. एकेक रिबिट उडवून पत्रा काढावा लागला, आणि ह्यांचा चेहरा बघवेना. आता शेपटाच्या पोटाला एक झाकण ठेवायचं ठरलंय, माझ्या बेताचं. शमशेरने लाजत लाजत राहीबाईकडून दोरीने माझं माप मागवून घेतलं.

तुझीच,
विजयमाला

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. उडवलेल्या रिबिटी वाया गेल्या. नव्या घ्यायला हे सांगलीला तुझ्या भावाच्या, वजीरभाईंच्या दुकानी येतील. ‘माल संपला, कधी येईल सांगता येत नाही,’ असं वजीरभाईंकडून ह्यांना सांगव. वजीरभाईंना खोटं बोलवत नाही, तेव्हा रिबिटींचा डबाच तू घरी आणून लपव. विमान मोडायलाही नको, उडायलाही नको. हे नुसते ठोकत राहिले की झालं.

आणखी ता. क. वरचं विसर. पाकीट चिकटवत होते तर हे आत आले आणि म्हणाले, ‘मागच्या बैठकीला एक गादी शीव.’ म्हटलं, मागे कोण बसणार आहे? तर म्हणतात, ‘आगं, मग कुणासाठी चाललंय हे सगळं?’ रिबिटी द्यायला सांग, थोड्या जास्तच. आणि तुझी ती हनुवटीखाली बांधायची लोकरीची टोपी ह्यांच्याबरोबर पाठव. वर वारा फार असतो म्हणे.