सतरा नंबरचा पट्टा

४ नोव्हेंबर
लोणखेड्याला पोचलो! अक्कलकुव्याच्या कापड दुकानात मीटरपट्टी फिरवण्यापेक्षा हे लाख पटीने बरं. वडील म्हणाले, मारवाड्याचा पोरगा धारा काढायला निघाला. म्हटलं, धारा यंत्र काढणार, मी नाही. रतिलालकाकांच्या गोठ्यात दूध काढणारा रोबो आहे. त्याचे हवेवर चालणारे बारा व्हॉल्व्ह बदलायचे, आठवड्याचं काम. वत्सलाकाकूंनी आल्या आल्या गरम भजी खाऊ घातली. मजेत जाणार आठवडा.

५ नोव्हेंबर
गाय आत आली की गळ्यातल्या पट्ट्यावरून यंत्र तिला ओळखतं, वजन घेतं आणि हात सडांखाली सरकवतं. व्हॉल्व्हमधून हवा गळत होती, म्हणून हात मध्येच लुळा पडायचा. सहा बदलले.
सतरा नंबरच्या गाईला वेगळा कॅन आहे. काकांची नात प्रियल सात महिन्यांची. आई बाळंतपणातच गेली. तान्ह्या बाळाला एकाच गाईचं दूध द्यायचं, ही घरची रीत, आणि प्रियलला सतराचंच चालायचं. ती गाय आठवड्यापूर्वी मेली. तेव्हापासून पोर दुसरं दूध तोंडाला लावू देत नाही. काडी झाली आहे. बघवत नाही.

६ नोव्हेंबर
नवे व्हॉल्व्ह तपासायला दर वेळी गाय कोण आणणार? खुंटीवरचा सतराचा पट्टा गळ्यात अडकवून मीच आत उभा राहिलो. आमच्या कामात सगळेच करतात. गोठ्यातला जुना गडी फुलसिंग ओरडला, "तो पट्टा काढी टाक, भाऊ!" मला हसू आलं. दार लागलं, हात वीतभर लांब थांबला आणि परत गेला. फक्कड! पडद्यावर वजन ६८ किलो. दूध अडीच लिटर. म्हटलं, सेन्सर बिघडला.
पण कॅनमध्ये दूध होतं.

७ नोव्हेंबर
प्रियल प्यायली! काकू रडत रडत सांगत होत्या. दूध कुठून आलं, कोणीच विचारलं नाही. व्हॉल्व्ह आवळायला वाकलो आणि मागचं दार लागलं. पट्टा खुंटीवर होता. वजन ६१. पँट कमरेवर राहत नाही.

८ नोव्हेंबर
नवे व्हॉल्व्ह काढून जुने लावले. फरक नाही. काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आणखी दोन दिवस थांब, पोरीच्या अंगावर मांस धरू दे.
म्हणजे त्यांना आधीपासूनच माहीत होतं.

९ नोव्हेंबर
५३. माझ्या मोटरसायकलची चावी सापडत नाही. काकांनी फुलसिंगला कामावरून काढलं. भिंत धरून चालतो. काकूंनी ताटात तूप ओतलं, डोक्यावरून हात फिरवला. "पोर पोटभर पिनी, बेटा. तू आठेच ऱ्हाय." इथेच राहा म्हणे. मला भीती वाटते. फार.

१० नोव्हेंबर
४४. हवेची नळी कापली. कॉम्प्रेसर बंद. तरी हात —
प्रियलला दाराशी आणलं. गाल भरलेत. माझ्याकडे बघून हसली. मलाही बरं वाटलं — देवा, हीच तर खरी दावण —

दुपारी
फाटक उघडं आहे. रस्ता समोर. कोणी अडवत नाही. काका नुसते तिला कडेवर घेऊन उभे आहेत. बाटली रिकामी. ती रडते आहे. मी जाऊ शकतो — आत्ता — शहाद्यापर्यंत तरी —
ती थांबतच नाही.
एकदाच. हे शेवटचं. एवढं पिऊ दे, मग मी —