रुसव्याची जागा

३ जुलै
आमच्या शब्दकोशाच्या झाडात आज ‘रुसवा’ बसवला. ‘भावना’खाली ‘राग’, ‘राग’खाली ‘रुसवा’. एकच पायरी. दोन शब्द अर्थाने किती जवळचे, हे यंत्र पायऱ्या मोजून सांगतं — साम्य ०.९१. सतरा हजार शब्द मी एकट्याने बसवले, कॉलेजची पायरी न चढता! अजून एकही हलवावा लागलेला नाही.

४ जुलै
सहज मोजून पाहिलं. बाप आणि मुलगी: ‘कुटुंब’पर्यंत वर एक पायरी, खाली एक. दोनच.
लेकीचा फोन येऊन चौदा महिने झाले.

८ जुलै
तिच्या खोलीतलं घड्याळ चार मिनिटं मागे पडलं होतं. लावून ठेवलं.
तिच्या पदवीला मी मैत्रिणींदेखत ‘नुसतं पाठांतर’ म्हणालो होतो. दुसऱ्याच दिवशी बॅग भरून परगावी नोकरीला गेली. घराची किल्लीही घेऊन गेली. परत पाठव म्हणून दोनदा कळवलं — उत्तर नाही. बायको म्हणते, तुम्हीच फोन करा. राग ओसरला की तीच करेल, म्हणालो.

११ जुलै
वीस जणांना शब्दांच्या जोड्या देऊन जवळिकीला दहापैकी गुण मागितले होते. राग–रुसवा: सरासरी चार! आमच्या मॅडम — भाषाशास्त्रात डॉक्टरेट — म्हणाल्या, झाड चुकलंय. मी म्हणालो, माणसं चुकलीत. त्या हसल्या.
“अहो, बस कंडक्टरवर कधी रुसलात का?”
रुसलो नाही कधी. रागावतो मात्र रोज.

१२ जुलै
डोक्यातून जाईना. रागावतो आपण कुणावरही. रुसतो ते आपल्याच माणसावर, तो समजूत काढायला येईल या भरवशावर. येणारं कुणी नसेल तर रुसायचं कशाला?
लहानपणी लेक रुसली की कपाटामागे जाऊन बसायची. फ्रॉकचं टोक तेवढं बाहेर ठेवायची — सापडावं म्हणून.
जेवताना बायकोकडे किल्लीचा विषय काढला. तिने ताटातून मान वर केली नाही.
“रागावली असती तर तोंडावर फेकून गेली असती.”
चौदा महिने! आणि मी शब्दांच्या जागा ठरवतो.

१३ जुलै
‘रुसवा’ हलवला. आता ‘माया’खाली आहे. सतरा हजारांतला पहिला.
उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलंय. किल्ली मागायला नाही.