टाचणी लावलेली पानं

६ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिटवीला तुझ्याकडे सोडून आलो आणि पोचल्याचा एक फोन सोडला तर तुला धड काही कळवलं नाही. रागावू नकोस. इथे आल्या आल्या लॉन्ड्रीचा बॉयलर बंद पडला. हॉटेलच्या चादरी ओल्याच्या ओल्या पडून राहिल्या, आणि त्या निस्तरता निस्तरता माझंच पोतेरं झालं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोन केला की ती तुझ्या शेजारीच उभी असते. तुझ्या दोन खोल्यांत चोरून बोलायला जागा कुठे आहे? तिला फोन दिलास की हो, नाही, बरं, यापलीकडे काही येत नाही. जिला सकाळी गप्प करायला आम्ही दोघं कमी पडायचो आणि जिचं टिटवी हे नाव तूच ठेवलंस, ती ही मुलगी! इथली शाळा आठवीला संपते हा काही तिचा गुन्हा नाही.

तेव्हा आत्ताच सांगून ठेवतो. सत्र संपलं की नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मी येणार. तोवर रमली तर राहू दे. नाही रमली तर घेऊन येईन. घरी राहून परीक्षेला बसता येतं, मी चौकशी केली आहे. अभ्यास करेल, उरलेल्या वेळात काउंटरला बसेल. टिटवीची आई म्हणते की मी घाई करतोय. तुला काय वाटतं ते लिही, पण नुसती माझी समजूत काढायला लिहू नकोस.

जिना चढताना दम लागतो म्हणाली होतीस, त्याचं काय केलंस?

लोभ आहेच, माझ्या चिडचिडीसकट तो सांभाळून घे.

तुझा,
धाकटा

१७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दम लागतो त्याचं काही केलं नाही. जिना सावकाश चढते, एवढंच.

यंदा नववीत नवी आलेली सगळी मुलं माझ्या गळ्यात पडली आहेत. मोठ्या बाईंचा हुकूम आहे की प्रत्येकाने शाळेतल्या एका तरी उपक्रमात नाव घालायचं, आणि महिन्यातून दोन पुस्तकं वाचून त्यांवर चार ओळी लिहायच्या. हुकूम चांगला आहे. दरवर्षी चांगलाच असतो. त्या चार ओळी माझ्या टेबलावर येतात तेव्हा निम्म्या वर्गाचं मत शब्द न शब्द सारखं निघतं, कारण ते पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं असतं. एका चिरंजीवांनी पाठीवरची किंमतसुद्धा उतरवून दिली. त्यांना बोलावून पुस्तक कसं वाटलं असं विचारलं, तर म्हणाले की जरा महाग आहे.

हसू आलं, मग नाही आलं. इतकी वर्षं वाचनालय सांभाळून मला आता मूल पुस्तक कसं धरतं त्यावरून कळतं की हे न उघडता परत येणार. संध्याकाळी खिडक्या लावताना वाटतं, दिवसभर आपण जोर लावून ढकललं ते नक्की काय होतं, आणि ते हललं का?

तुझी लेक मधल्या सुट्टीत माझ्याकडे येऊन बसते, कारण बाहेर तिला कुणी मैत्रीण नाही. कपाटांकडे पाठ करते आणि खिडकीतून मैदान बघते. एकदा मी तिच्यापुढे पुस्तक सरकवलं. तिने ते टेबलाच्या कडेला नीट समांतर लावून ठेवलं. लॉन्ड्रीवाल्याची मुलगी शोभते! घरी जेवताना मी विचारते की काय वाचलंस, तर ती म्हणते की भाजी छान झालीय. माझी भाजी कशी होते हे तुला माहीत आहे.

समजूत काढत नाही, बाबा. पण दुसऱ्या शनिवारपर्यंतची मुदत तूच दिली आहेस, ती पुरी होऊ दे.

तुझ्या बायकोला माझे आशीर्वाद. तुमचा लोभ आहे म्हणून तर पोर माझ्याकडे पाठवलीत, तो आटू देऊ नका.

तुझी,
ताई

४ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न.

आत्याने पत्र लिहायला बसवलंय म्हणून लिहितेय. ती आंघोळीला गेलीय, त्यामुळे खरं लिहिते.

उपक्रमात नाव घालायचं राहिलेली मी एकटीच होते. पोहणं, समूहगान आणि नाटक एवढंच उरलं होतं. पोहता येत नाही. गाणं तुम्ही ऐकलंय. नाटकाच्या सरांना प्रॉम्प्टर हवा होता. म्हणजे पडद्यामागे विंगेत बसायचं, पुस्तकात बघायचं, आणि कुणी वाक्य विसरलं की हळूच सांगायचं. लोकांना दिसायचं नाही आणि कुणाशी बोलायचंही नाही, म्हणून मी हो म्हटलं. नववीची सगळी मुलं आहेत, पण त्यांचं त्यांचं जमलेलं आहे. मला ती ‘ए पुस्तक’ म्हणतात.

नाटक घर बदलण्याचं आहे. वडील आणि दोन मुलं सामान बांधतात. आई सुरुवातीलाच खाली शेजारणीकडे किल्ली द्यायला जाते आणि नंतर येतच नाही. नाटक मोठं आहे म्हणून सरांनी बरीच पानं कापली. कापली म्हणजे फाडली नाहीत. टाचणी लावून एकत्र बंद केली आहेत, म्हणजे चुकून उलटायला नकोत. तालीम संपली की सर पुस्तक परत घेतात आणि कपाटात टाकतात, कारण तेवढी एकच प्रत आहे.

आत्या चांगली आहे, पण सारखी पुस्तकांचं विचारते. मला घरी यायचंय. शनिवार विसरू नका.

आईला सांगा की मी खाते नीट.

तुमची,
टिटवी

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिटवीचं पत्र आलं. काय लिहिलंय ते तुला सांगत नाही, पण तू ओळखलं असशीलच. तिच्या जुन्या हेडसरांना भेटून आलो. अर्ज कसा करायचा ते त्यांनी सांगितलं. काउंटरमागची जागा झाडून घेतली आहे, तिथे टेबल बसेल.

यावरून घरात वाजलं. ही म्हणाली की मुलगी रमत नाही की तुम्हीच रमत नाही, ते एकदा ठरवा. मी म्हटलं की दोन्ही. त्यावर तिने माझ्याशी बोलणंच टाकलं, आणि आता घरात खरोखरच कुणी बोलत नाही. दुपारभर वाफेचा फुसफुसाट तेवढा ऐकू येतो.

ताई, तू कमी पडलीस असं माझ्या मनातही नाही. काही मुलांना नाही जमत. आपण किती ओढायचं? तूही दमलीस, मीही दमलोय.

ते पडद्यामागे बसण्याचं काम मला काही पटलं नाही. अंधारात बसवायचं होतं तर शाळेत घालायचं कशाला?

चुकलंमाकलं पोटात घाल, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू चूक आहेस असं ठामपणे लिहायचं मनात होतं, पण पेन उचललं आणि ठामपणा कुठे सापडेना.

अंधाराबद्दल मात्र ऐकून घे. प्रॉम्प्टरला एका ओळीवरूनही नजर हलवता येत नाही. नटाला त्याचं वाक्य आलं की झालं, हिला सगळ्यांची सांभाळावी लागतात. बूट घालताना, दप्तर भरताना ती वडिलांचं आणि दोन्ही मुलांचं पुटपुटत असते. परवा मला विचारलं की किल्ली द्यायला गेलेली बाई परत का येत नाही. मी म्हटलं, सरांना विचार. तिने खरंच विचारलं! सर म्हणाले की आई नव्या घरी पुढे गेली असं एक वाक्य त्यांनी त्यासाठीच घातलंय, तेवढं प्रेक्षकांना पुरतं. तिला काही ते पुरलेलं दिसलं नाही. पण लगेच हुरळून जाऊ नकोस, मीही जात नाही. मधल्या सुट्टीत ती अजून एकटीच असते आणि रात्री उशीवर पालथी पडून असते. रडते की नुसती पडते, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

नाटक अठ्ठावीस तारखेला आहे. तुला दुकान सोडून दोनदा येणं जमायचं नाही, हे कळतं. ठरलेल्या शनिवारीच ये. तिने बॅग भरली तर मी आडवी येणार नाही. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण लिहिलंय.

तुझ्या बायकोशी आधी तू बोल, ती धाकटी आहे. लोभ दोघांचाही हवा आहे, अर्धा नको.

तुझी,
ताई

२९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काल नाटक झालं. झालं म्हणजे पार पडलं, आणि मधेच आपटलं.

दुसऱ्या अंकात वडील आणि मुलगा न बोलता खोकी बांधतात. बराच वेळ नुसतं दोऱ्यांचं काम चालतं. ते संपलं, वडिलांनी वर बघितलं आणि त्यांचं वाक्य गेलं. त्यांनी विंगेकडे बघितलं. विंगेतून काही नाही. मुलानेही बघितलं. काही नाही. मग वडिलांनी बांधलेलं खोकं सोडलं आणि पुन्हा बांधलं. प्रेक्षक हसायला लागले. कुणीतरी मागून ओरडलं की मामा, आता उचला! मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, जणू गाठ मीच मारली होती.

सर धावत मागे गेले. तुझी लेक तिथेच होती. जागीच होती, शुद्धीवर होती. तिने टाचणी काढली होती आणि कापलेली पानं दिव्याखाली धरून वाचत होती. सरांनी हाक मारली ती तिला ऐकू गेली नाही. पुस्तक ओढलं तर ती त्यांनाच म्हणाली की थांबा. सरांना! प्रयोग चालू असताना!

पुढचं सरांनी स्वतः सांगून निभावलं. नंतर सगळी पोरं तिच्यावर तुटून पडली. सरांनी सांगितलं की पुन्हा विंगेत पाऊल टाकायचं नाही. घरी येताना ती माझ्या चार पावलं पुढे चालत होती. दारात पोचल्यावर म्हणाली की बाबांना कळव, बॅग भरते.

कळवलं. तिची बाजू मला घेता येत नाही, चूक ढळढळीत आहे. पण तुझ्यापाशी लिहिते, मोठ्या बाईंना कळवू नकोस. रात्री तळमळत पडून मी कपाटांचा विचार करत होते. वाचता वाचता एखाद्या मुलाने भान सोडलंय, हे इतक्या वर्षांत मी फक्त भाषणात सांगत आले. काल पहिल्यांदा बघितलं, आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली.

ये. लोभ जेवढा उरला असेल तेवढा तिच्यासाठी बरोबर आण.

तुझी,
ताई

३ नोव्हेंबर

ती. बाबांस आणि आईस,
सा. न.

शनिवारी येऊ नका. आधी हे लिहिते, कारण पुढचं लांब आहे आणि बाबा मधेच सोडून इस्त्रीला जातात.

आत्याने सगळं कळवलं असेलच. मी फक्त एक पान बघणार होते. खोकी बांधायचा प्रसंग लांब असतो, तेवढ्यात बघून होईल असं वाटलं. पण त्या पानांत आई सापडली! ती पुढेबिढे काही गेलेली नाही. सरांनी थापच मारली. ती त्याच इमारतीत, खाली, जिन्याच्या पायरीवर बसलेली आहे, आणि वर चाललेली आपल्या घराची आवराआवर तिला ऐकू येतेय. शेजारीण बाहेर येऊन म्हणते की वर सगळे वाट बघत असतील. आई म्हणते की बघू देत. मग शेजारीण विचारते की वर तुमचं असं काय राहिलंय, जे कुणी खोक्यात भरणार नाही. आई बोलायला तोंड उघडते, आणि तिथे पान संपलं आणि सरांनी पुस्तक ओढलं. मग मी थांबा म्हणणार नाही तर काय!

दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. बुधवारी वडिलांचं काम करणारा मुलगा वाचनालयात आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला की मी तिकडे दोऱ्या सोडत होतो आणि तू असं काय वाचत होतीस ते मला कळलंच पाहिजे. भांडायलाच आला होता. मी सांगितलं. तो बसला. त्याला माहीतच नव्हतं! दोन महिने तो तिचा नवरा आहे आणि ती कुठे गेली ते त्याने विचारलं नव्हतं. मग त्याने बाकीच्यांना बोलावलं, मला परत पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि मुलीचं काम करणारी म्हणाली की ती काय म्हणाली असेल ते उघड आहे. मी म्हटलं उघड नाहीये. खूप भांडलो. आत्याने दोनदा गप्प बसा म्हटलं आणि तिसऱ्यांदा दार बाहेरून लावून टाकलं, म्हणजे मोठ्या बाईंना ऐकू जाऊ नये.

आम्ही सगळे सरांकडे गेलो. सर आधी रागावले, मग म्हणाले की ती पानं कापताना त्यांनाही जिवावर आलं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर वाचनालयात ती उघडून मोठ्याने वाचायची आहेत. आईचं मी वाचणार आहे, कारण ते सगळे म्हणाले की तिची तुझी ओळख आहे.

तोवर कुणी पुस्तकाला हात लावायचा नाही असं ठरलंय. म्हणून शनिवारी येऊ नका. त्याच्या पुढच्या शनिवारीही नको, तेव्हा काय ते अजून ठरायचंय.

आत्याची भाजी खरंच वाईट असते.

तुमची,
टिटवी

७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टिटवीचं पत्र काल मिळालं. हिने ते मला दोनदा मोठ्याने वाचायला लावलं, कारण तिचे हात चादरींत होते. दुकान उशिरा उघडलं. हेडसरांना निरोप धाडला की अर्ज राहू दे. ते म्हणाले की का, रमली का? मी म्हटलं की माहीत नाही, वेळ नाही म्हणते.

खूश आहे असं लिहावं तर तेही पुरतं खरं नाही. शनिवारसाठी कपडे काढून ठेवले होते. आज बॉयलरवाला पुन्हा येऊन गेला आणि तो नळी बदलत असताना मी तिथे उभा होतो, तर मनात तीच जिन्यावरची बाई. ही म्हणते की तिने सांगितलं असेल, काही राहिलं नाही, चला वर जाऊ. बायका असंच म्हणतात, असंही म्हणाली. मी म्हटलं की एवढ्याशासाठी कोण जिन्यावर बसेल? ती काहीतरी मोठं म्हणाली असणार. यावरून पुन्हा वाजलं, पण या वेळी बोलणं चालू आहे.

तेव्हा पानं वाचून झाली की टिटवीला तेवढं लगेच लिहायला सांग. फोनवर नको. फोन मी घेतो आणि माझ्याकडून हिला नीट सांगितलं जात नाही.

लोभ असू द्यावा म्हणायची आपली पद्धत आहे. या खेपेला उत्तरच तेवढं असू दे.

तुझा,
धाकटा