जानोशाच्या दारात

मूर्तिजापूर,
ता. १४ मे २०२५

चि. श्याम यास बापाचा आशीर्वाद.

आम्ही सर्व ठीक आहोत. तुझी आई, सूनबाई चंदा, म्हैससुद्धा. तुझ्या केंद्रात पंखा चालतो का? अकोल्याचे ऊन वाईट, पाणी पीत जा. झोपेची गोळी देतात ती डॉक्टरनेच लिहून दिली आहे ना, हे एकदा विचारून घे. तिथे फोन देत नाहीत म्हणून लिहायला बसलो. चौथीपर्यंतचे शिक्षण, चुकले तर समजून घे.

तुझ्या लेकीचे, आचलचे लग्न लागले. चांगले लागले. सगळे सांगतो, पण एक गोष्ट मागे ठेवतो. घाबरू नकोस, कोणाला काही झालेले नाही.

वरात आदल्या संध्याकाळी आली. वऱ्हाडाला उतरायला जानोसा शाळेत दिला होता. नवरदेवाचे काका गजेंद्रराव उतरल्याबरोबर मला बाजूला घेऊन म्हणाले, पोरांची ‘व्यवस्था’ मुलीकडच्यांनी करायची असते. मी मान हलवली. मी कोणाला नाही म्हटले आहे कधी? वरात परत फिरली तर, एवढेच डोक्यात.

स्टेशनकडच्या दारूच्या दुकानात गेलो. त्या दुकानासमोर मी पूर्वी कोणाला घरी न्यायला उभा राहायचो, ते तुला माहीत आहे. रांगेत उभ्या उभ्या भिंतीवरची पाटी एकेक अक्षर लावून वाचली. पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य मिळणार नाही. आपला नवरदेव प्रज्वल चोवीसचा. त्याचे दोस्त त्याहून लहान, काहींना तर मिशाही फुटल्या नाहीत. मला घाम फुटला. दुकानदाराला विचारले, ज्याचे उद्या लग्न आहे त्याला चालते का? तो हसला.

“बाबा, लग्न एकविसाव्या वर्षी, दारू पंचविसाव्या. सरकारनं बायको आधी देली.”

रांग हसली. मी विचारले, मी नेऊन त्यांना पाजली तर? तो म्हणाला, मग कायदा तुम्हाला धरेल. पोलिसाची गाडी रस्त्याने गेली तरी मी घरात जातो, तुला ठाऊक आहे. तसाच रिकाम्या हाताने परत आलो.

गजेंद्रराव चिडले. बिअर तर एकविसाव्या वर्षी चालते, म्हणाले. मी त्यांना ती बिनमिशीची पोरे दाखवली. तोपर्यंत त्यांनीच माणूस पाठवून बाटल्यांचा खोका आत मागवला होता.

“आबा, लग्नात कोनी आधार कार्ड पाहते काय?”

“मी पाहीन,” मी म्हणालो. कुठून आले हे शब्द, देव जाणे.

प्लास्टिकची खुर्ची जानोशाच्या दारात टाकली आणि बसलो. जो आत जाईल त्याच्यापुढे हात. पोरे हसत होती. एकाने मोबाइलवर कार्ड दाखवले, जन्म दोन हजार पाचचा. त्याला म्हटले, तू अजून पाच वर्षे थांब. प्रत्येकाचे साल बोटांवर मोजून पाहत होतो.

मग गजेंद्रराव सगळ्यांसमोर बोलले, “आमाले शिकवता, पन पोरीचा बाप कुठी हाय? पोरीचं लग्न टाकून सुरतले कोनतं काम करून राहिला?”

ती सुरतेची गोष्ट आपणच सांगितली होती. चंदाने खाली पाहिले. आता मागे ठेवलेले सांगतो, श्याम. मी बोललो.

“सुरतले नाही. माह्यं पोरगं अकोल्यात दारू सोडून राहिलं. सतराव्या वर्षी अशाच एका जानोशात कोनीतरी त्याच्या हातात पयला ग्लास देला होता. म्हनून मी इथं बसलो.”

मला वाटले, मोडले लग्न. तेवढ्यात आतून प्रज्वलची आई रागिणीताई आल्या. एक खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि दिराला म्हणाल्या, “भाऊजी, खोका गाडीत ठेवा. माह्या पोराचं वय मले माहीत आहे.”

मग त्यांच्याकडच्या बायका एकेक करून खुर्च्या घेऊन आल्या. दारात जागा उरली नाही. गजेंद्ररावांनी खोका स्वतः उचलून नेला.

दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर लग्न लागले. आपल्या सोयऱ्यांत असे कधी घडले आहे? सगळी पोरे आपल्या पायांवर उभी होती. बँडपुढे काय नाचली! आणि सर्वांत जास्त गजेंद्रराव, दोन पेले ताक पिऊन. तुझी आई डोळे पुसून पुसून हसत होती.

तुला न विचारता तुझी गोष्ट चारचौघांत सांगितली. राग आला असेल तर येऊ दे, पण उपचार सोडू नको.

निघताना प्रज्वलने मला बाजूला घेतले. मला वाटले, आता हा काय मागतो. तो म्हणाला, “आबा, सासऱ्याच्या पाया पडाचं राहिलं. पत्ता द्या.” रविवारी तो आणि आचल तुझ्याकडे येत आहेत. दाढी कर. त्या पोराला आशीर्वाद देताना हात थरथरला तरी चालेल, त्याला सर्व माहीत आहे.

तुझा पत्ता आता कोणापासून न लपवणारा,
तुझा बाप,
जानराव