डोंग्याचा दोष

बाबा, मी इथं ॲन आर्बरला विद्यापीठात शिकवते. विषय ऐकून तुम्ही हसला असतात. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये नदीवरच्या होड्यांना काय कायदे होते, ते. मासे धरायला नदीत बांध घालून होड्यांची वाट अडवायची नाही, असल्या गोष्टी. त्यातला एक कायदा असा, की गोड्या पाण्यात होडीतून पडून माणूस बुडाला तर दोष होडीचा. होडी राजाकडे जमा. गावातली माणसं बसून तिची किंमत ठरवायची आणि तो पैसा देवाच्या नावानं दानात जायचा. समुद्रात कुणी बुडालं तर मात्र होडीला काही नाही. हे मी दर हिवाळ्यात शिकवते. बाहेर बर्फ असतो, मुलं ओले बूट घेऊन वर्गात येतात, आणि माझा आवाज कुठंच अडत नाही.

वैनगंगेवर तुमचा डोंगा होता. आपल्या गावची शाळा लहान, पुढची पलीकडच्या काठाला, म्हणून सकाळची पहिली खेप पोरांची. मी मधल्या फळीवर बसते, दप्तर मांडीवर. तुम्ही मागे उभे, हातात बांबू. मी पाण्यात बोटं बुडवते आणि तुम्ही ओरडता, "हात आत घे, माय. पाणी का खेळणं हाय?" दुसऱ्या पोरांवर तुम्ही कधी ओरडला नाहीत. त्या दिवशी पाणी चढलेलं होतं. बांबू गाळात रुतला, तुम्ही तो सोडला नाहीत आणि डोंगा पुढे सरकला. तुम्ही पडलात. डोंगा धारेनं वळला आणि त्याचा काठ तुमच्या डोक्याला लागला. आवाज काही मोठा नव्हता. खालच्या वळणावर डोंगा आपोआप कडेला लागला, आम्ही पोरं उतरलो. तुम्ही दुसऱ्या दिवशी सापडलात.

सगळं आटोपल्यावर मोठे काका घरी आले. "जाळून टाकू तो डोंगा. माणूस खाल्ला त्यानं." आई चुलीपुढे बसून भात वेळत होती. मान वर न करता म्हणाली, "काऊन जाळू? मंग पोरगी शाळेत कशानं जाईल?" काका म्हणाले, "त्याच डोंग्यात बसवशील तिले?" पाणी उतरल्यावर आईनं नवा बांबू तोडून आणला आणि स्वतः मागे उभी राहिली. लोक बसायला भ्यायचे, त्यामुळे सुरुवातीला डोंग्यात आम्ही दोघीच. मी मधल्याच फळीवर बसायची. रडल्याचं आठवत नाही. भीती वाटल्याचंही आठवत नाही. आई बांबू पाण्यात घालायची, काढायची, आणि मी समोरचा काठ जवळ येताना बघायची. दहावीपर्यंत मी तशीच गेले. पुढे पूल झाला.

मागच्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं हात वर केला. "पण प्रोफेसर, त्या फॅमिलीचं काय? त्यांचं पोट तर बोटीवरच चालत होतं ना?" मी सांगितलं, की जुन्या नोंदींत होडीची किंमत बरेचदा फारच कमी लावलेली दिसते, विधवेची दया येऊन तसं केलं असेल. मग का कोण जाणे, मी म्हणाले, इंडियात एका नदीवर असंच झालं होतं. आणि सगळं सांगितलं. बांबू, गाळ, डोक्याला लागलेला काठ. एका दमात, नेहमीच्या आवाजात. तिनं विचारलं, "मग बोटीचं काय केलं?" मी म्हणाले, "त्याच्या बायकोनं चालवली." मागून कुणीतरी "गुड फॉर हर" म्हणालं. दोघातिघांनी लिहूनही घेतलं.

आईला फोनवर यातलं काही बोलले नाही. ती आता काकांच्या मुलाकडे असते, जेवलीस का विचारते, थंडी किती आहे विचारते, डोंग्याचा विषय आम्ही दोघी काढत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. हे लॅपटॉपवरच राहणार, ते मला माहीत आहे. पण त्या मुलीनं शेवटी आणखी एक विचारलं होतं, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बोटीत त्या वेळी कोण कोण होतं, असं तिनं विचारलं.

"पॅसेंजर्स," मी म्हणाले, आणि पुढची स्लाइड लावली.